खिशातलं यंत्र मोजतं काय आणि सांगतं काय

"इथे रेंज नाही, म्हणजे जीपीएस चालायचं नाही." घाटात गाडी अडली किंवा सड्यावर वाट चुकली की कोकणात हे वाक्य हमखास कानावर येतं. प्रत्यक्षात जीपीएसला रेंज लागत नाही. नेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. सिम काढून कपाटात टाकलेला जुना फोन चार्ज करा आणि आंबोलीला उघड्या आभाळाखाली धरा. थोडा वेळ खाईल, पण आपण कुठे उभे आहोत ते काही मीटर इकडेतिकडे धरून सांगेल. दिसणार नाही तो नकाशा, कारण नकाशा नेटवरून उतरतो. करड्या, कोऱ्या पडद्यावर एकटाच निळा ठिपका. निघण्यापूर्वी वायफायवर जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवला असेल तर रस्तेही दिसतील.

ठिपका एकीकडून आणि नकाशा दुसरीकडून. गेल्या पंधरा-वीस वर्षांत खिशात, मनगटावर, बोटीवर आणि दुकानाच्या गल्ल्यावर जी यंत्रं येऊन बसली, त्यातल्या बहुतेकांची घडण अशीच जोडकामाची आहे. यंत्र स्वतः मोजतं ती गोष्ट फार साधी असते: वेळ, उजेड, हादरा, आवाज. बाकीचं त्यावरून हिशोबाने काढलेलं असतं, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून आणलेलं असतं. पडद्यावर मात्र मोजलेलं, काढलेलं आणि आणलेलं सारख्याच ठळक अक्षरात येतं. घोळ होतो तो तिथे. कोकणात तो जरा जास्तच होतो, कारण ही यंत्रं घडली दाट वस्तीच्या, चोवीस तास वीज आणि नेट असलेल्या शहरांत. तिथले ठोकताळे डोंगर, खाड्या आणि चार महिन्यांच्या पावसाच्या मुलखात तसेच्या तसे बसत नाहीत.

ठिपका कसा उमटतो

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपला फोन त्यांच्या गावीही नसतो. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो: मी अमुक, मी इथे आहे, आत्ता इतके वाजले. फोन ते ऐकतो आणि निरोप किती उशिरा पोचला ते बघतो. वीज लखलखल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजतो आणि ती किती लांब पडली ते ठरवतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे रेडिओ लहर आहे आणि ती सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. फोनमध्ये ती परवडणार नाहीत, त्यामुळे फोन किमान चार उपग्रह ऐकतो. तीन जागा ठरवायला, चौथा फोनच्या स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला.

यात आइनस्टाइनही आहे. गुरुत्वाकर्षण आणि वेग या दोन्हींचा हिशोब धरला तर उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. ही दुरुस्ती केली नाही तर ठिपका दिवसागणिक दहा-अकरा किलोमीटरने चुकत जाईल आणि आज मालवणच्या जेट्टीवर उभा असलेला माणूस उद्या नकाशावर भर समुद्रात दिसेल. सापेक्षतावादाचा संसारात काय उपयोग, असं विचारणाऱ्यांसाठी हे एक उत्तर.

आता चुकतं कुठे? उपग्रहाचा निरोप जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. घाटात एका बाजूला डोंगराची भिंत असते, म्हणजे निम्मं आभाळच नाही. जो निरोप येतो त्यातला काही समोरच्या कड्यावर आपटून, वळसा घेऊन येतो. फोनला वाटतं अंतर जास्त आहे. पावसाने भिजलेल्या माड-पोफळीच्या आगरात ठिपका इकडेतिकडे भटकतो तोही याच कारणाने. शहरात अशा वेळी फोन आजूबाजूच्या वायफायची नावं वाचतो, कुठलं वायफाय कुठे आहे याची कंपनीकडे यादी असते, आणि त्यावरून जागा सुधारून घेतो. वाडीत वायफाय दोन घरांत, टॉवर डोंगरापलीकडे. सुधारायचं कशावरून?

ठिपक्याभोवती कधी कधी फिकट निळं वर्तुळ दिसतं. त्याकडे कुणी बघत नाही, पण सगळ्या पडद्यावर तेवढीच एक प्रामाणिक गोष्ट असते. वर्तुळ जेवढं मोठं तेवढा फोन गोंधळलेला. रात्रीच्या वेळी कुणाला "लोकेशन पाठव" म्हणताना ते वर्तुळ आकसेपर्यंत अर्धा मिनिट अंगणात थांबलं, तर रुग्णवाहिका बरोबर पाखाडीच्या तोंडाशी येते. नाहीतर ती खाडीपलीकडच्या वाडीत जाऊन हॉर्न वाजवत बसते. घरांना नंबर नाहीत, रस्त्यांना नावं नाहीत अशा आमच्या वाड्यांना या ठिपक्याने पहिल्यांदाच पत्ता दिला, हे मात्र मान्य करायला हवं.

ठिपका बरोबर असूनही रस्ता चुकतो, तो दोष नकाशाचा. नकाशा आणलेला असतो, मोजलेला नसतो. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा साकव त्याच्यावर बारमाही पूल असतो, आणि बैलगाडीची पाणंद गाडीरस्ता असते. रहदारीचे लाल-पिवळे-हिरवे रंग तर तिसरीकडूनच येतात. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांचा वेग एकत्र करून ते रंगवलेले असतात. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्ग माणगावजवळ लालभडक दिसतो तो अगदी खरा, कारण त्या रांगेत हजारो चाकरमानी फोन घेऊन बसलेले असतात. उलट आडरस्त्यावर तासाभरात दोनच फोन गेले असतील तर तिथल्या रंगाला फारसा अर्थ नाही. रस्ता मोकळा आहे की दरड पडून बंद आहे म्हणून कुणी जात नाही, हे पडद्यावरून कळत नाही. पावसाळ्यात घाटाखालच्या चहावाल्याला एक फोन करावा हे उत्तम.

जेट्टीवर

मोजलेलं काय आणि अंदाज कशाचा, हे किनाऱ्यावर कुणी शिकवायला नको. बोटीवरचा फिशफाइंडर पाण्यात आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, त्यावरून खोली निघते. मासळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून प्रतिध्वनी चांगला येतो, त्यामुळे थवा पडद्यावर डागासारखा दिसतो. कोळंबीला अशी पिशवी नसते. तो डाग कसला, जाळं टाकायचं की पुढे जायचं, हे यंत्र ठरवत नाही. ते तांडेल ठरवतो, आणि त्याच्या अंदाजावरच बाकीचे खलाशी भरवसा ठेवतात.

हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचे सल्ले येतात. त्यांचंही तसंच. उपग्रहाला मासा दिसत नाही. त्याला पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान कळतं आणि पाण्याचा रंग कळतो. रंगावरून हरितद्रव्य, म्हणजे सूक्ष्म वनस्पती किती आहेत ते निघतं. गार आणि कोमट पाणी जिथे भिडतं आणि खाद्य साठतं तिथे मासळी जमते, हा त्यापुढचा अंदाज. तो बरेचदा खरा ठरतो, इंधन वाचतं. ढगांखालचं तापमान मात्र उपग्रहाला टिपता येत नाही, म्हणून पावसाळी हवेत सल्ले आटतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते, तेव्हा त्या दोन महिन्यांत कुणाचं अडत नाही.

किनाऱ्यापासून काही मैल गेलं की फोन हा फक्त कॅमेरा उरतो. ही पोकळी भरायला केंद्र सरकारने इस्रोच्या उपग्रहांवर चालणारे ट्रान्सपाँडर, म्हणजे निरोप घेणारी-देणारी यंत्रं, बोटींवर बसवायची योजना आणली. किनारपट्टीच्या राज्यांतल्या एक लाख बोटींसाठी असलेल्या या योजनेचा देशव्यापी आरंभ ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला झाला. यात निरोप दोन्ही बाजूंनी जातो: वादळाचा इशारा बोटीकडे, संकटाची हाक किनाऱ्याकडे. त्यातही ठिपका उपग्रहाचं ऐकून काढलेला असतो, आणि बोट बुडायला आली तर तो ठिपका हाकेबरोबर किनाऱ्याकडे पाठवता येतो एवढाच काय तो फरक. पण दर्यावर तो जिवाचा फरक आहे.

जाता जाता एक सावधगिरी. उपग्रहावरून थेट निरोप पाठवणारे परदेशी फोन आणि छोटी यंत्रं आता सहज मिळतात. दुबईच्या काकांनी प्रेमाने आणलं म्हणून ते बोटीवर किंवा ट्रेकला नेऊ नका. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि अशा यंत्रांपायी परदेशी पर्यटकांवर विमानतळावरच गुन्हे दाखल झाले आहेत.

म्हशीच्या गळ्यातली चकती

किल्ल्यांच्या जुडग्याला लावायच्या छोट्या चकत्या बाजारात आल्यापासून कुणीतरी म्हशीच्या गळ्यात त्या बांधणार हे ठरलेलंच होतं. ॲपलची एअरटॅग २०२१ साली आली, मग इतरांच्या आल्या. ऐकून वाटतं चकतीत जीपीएस असेल. नसतं. चकती फक्त ब्लूटूथवर दर थोड्या वेळाने "मी इथे" म्हणते, आणि तो आवाज जेमतेम काही मीटर जातो. जवळून जाणाऱ्या कुठल्या तरी अनोळखी माणसाचा फोन तो ऐकतो, स्वतःची जागा त्याला जोडतो आणि कंपनीकडे पाठवतो. मालकाच्या नकाशावर जी जागा दिसते ती त्या वाटसरूच्या फोनची.

दादर स्टेशनात हरवलेली बॅग म्हणूनच झटकन सापडते. चार-पाच हजार फोन तिच्या अंगावरून जातात. सड्यावर चरणाऱ्या म्हशीच्या अंगावरून फक्त बगळे जातात. चकती ओरडत राहते आणि पडद्यावर सकाळचीच जागा दिसते, जिथे गुराख्याचा फोन शेवटचा जवळ होता. हे यंत्र गर्दीवर चालतं, आणि गर्दी नाही तिथे ते मुकं. गुरांसाठी खरंच जीपीएस आणि सिम असलेले पट्टे मिळतात, पण त्यांना रेंज आणि वरचेवर चार्जिंग लागतं.

मनगटावर

आता सगळ्यात जास्त घोळ होतो त्या यंत्राकडे येऊ. मुंबईच्या मुलाने गणपतीत येताना आईसाठी स्मार्ट घड्याळ आणलं, ही आता घरोघरची गोष्ट आहे. घड्याळ पावलं सांगतं, नाडी सांगतं, ऑक्सिजन सांगतं, झोप सांगतं, ताण सांगतं. स्वस्तातलं असेल तर बीपी आणि साखरही सांगतं, आणि जितकं स्वस्त तितकं जास्त सांगतं.

मुळात घड्याळाला इंद्रियं दोनच धरा. एक हादरा ओळखणारं, दुसरं उजेड ओळखणारं.

हादऱ्याचं इंद्रिय म्हणजे सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा, बारीक स्प्रिंगांवर टांगलेला. हात हलला की तो किंचित मागेपुढे होतो आणि शेजारच्या पट्ट्यांमधल्या विजेच्या साठ्यात फरक पडतो. तेवढंच मोजलं जातं. त्या हालचालीला चालण्याची लय असली की हिशोब म्हणतो, हे पाऊल. म्हणून विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि हाताने तो धरून येणाऱ्या बाईची पावलं घड्याळ निम्मीशिम्मीच मोजतं, कारण हात हलतच नाही. आणि खड्ड्यांतून स्कूटरवर बसून आलेल्या तिच्या नवऱ्याच्या खात्यावर फुकटची पावलं पडू शकतात. रोज दहा हजार पावलं हा आकडाही कुठल्या वैद्यकातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या जाहिरातीतून तो आला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या बायकांच्या अभ्यासात असं दिसलं की पावलांबरोबर मृत्यूचा धोका घटत जातो, पण साडेसात हजारांच्या आसपास तो फायदा स्थिरावतो. पाखाडी दिवसातून चार वेळा चढणाऱ्या आजीला दहा हजारांसाठी रात्री ओटीवर येरझारा घालायला लावू नका.

उजेडाचं इंद्रिय घड्याळाच्या पाठीवर असतं, तो लुकलुकणारा हिरवा दिवा. रक्त हिरवा उजेड शोषतं. ठोक्यागणिक मनगटात रक्त भरतं आणि ओसरतं, तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो. हे चढउतार मोजले की नाडी मिळाली. ओटीवर शांत बसलेल्या माणसाची नाडी हे घड्याळ चांगलीच मोजतं, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बिघडतं ते पट्टा सैल असला की, घामाने मनगट निथळत असलं की, हात सतत हलत असला की. मे महिन्यात कोकणात यातलं निदान एक तरी असतंच. जुन्या बायकांच्या मनगटावर हिरवं गोंदण असतं, ती शाईही उजेड अडवते. घड्याळ मग आकडा दाखवत नाही किंवा भलताच दाखवतं, आणि घरचे म्हणतात आजीला धडधड झाली. गोंदणाच्या बाजूला, बांगड्यांच्या वर, पट्टा जरा घट्ट करून पुन्हा बघावं.

ऑक्सिजनचा आकडा लाल आणि अवरक्त उजेडावरून निघतो. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं रक्त हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या गुणोत्तरावरून. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधली आणि तिने ऑपरेशन थिएटरं बदलून टाकली. पण तिलाही मर्यादा आहे. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की रुग्णालयातल्या बोटावरच्या ऑक्सिमीटरांकडून कृष्णवर्णीय रुग्णांमधला लपलेला ऑक्सिजनचा अभाव गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा निसटला. सावळ्या कातडीत उजेड वेगळा शोषला जातो आणि यंत्राचा हिशोब ज्यांच्यावर बसवला ते बहुतेक गोरे. ही रुग्णालयातल्या यंत्रांची गोष्ट. मनगटावरच्या घड्याळाचं काम त्याहून अवघड, कारण मनगटातून उजेड आरपार जात नाही, परावर्तित होऊन येईल तेवढाच. दम लागलाय, ओठ निळसर दिसतायत आणि घड्याळ ९६ म्हणतंय, तर माणसाकडे बघा.

साखरेबद्दल स्पष्टच लिहितो. कातडीला टोचल्याशिवाय रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर बजावलं. त्या आकड्यावर इन्सुलिनचं युनिट ठरवलं तर माणूस दगावू शकतो. दंडावर चिकटवायचं जे खरं साखर-यंत्र आहे, त्याची केसासारखी तार कातडीखाली जाते. तेही रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या अधल्यामधल्या द्रवातली मोजतं, म्हणून त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो. जेवल्यावर किंवा साखर झपाट्याने उतरत असताना हे लक्षात ठेवावं लागतं. पण त्या यंत्राने मधुमेह्यांना एक गोष्ट दिली जी महिन्यातून एकदा लॅबला जाऊन मिळत नव्हती: पेजेने साखर किती चढते आणि तांदळाच्या भाकरीने किती, हे ज्याचं त्याला आपल्या डोळ्यांनी दिसतं.

झोप, ताण, "शरीराची ऊर्जा" वगैरे आकडे हे अंदाजावरचे अंदाज. गंमत म्हणून बघा.

हृदयाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. काही घड्याळं नाडीचा ताल बिघडला तर इशारा देतात, काहींत बोट टेकवून ईसीजी निघतो. अमेरिकेत चार लाखांहून जास्त लोकांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१९मध्ये आले. त्यातल्या जेमतेम अर्ध्या टक्का लोकांना घड्याळाने इशारा दिला, आणि पुढे छातीवर पट्टी लावून तपासलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांत तालाचा तो दोष सापडला. बाकीच्यांत त्या वेळी सापडला नाही. तो दोष येतो-जातो, हेही त्याचं एक कारण. म्हणजे इशारा आला तर घाबरून जाऊ नये, पण डॉक्टरकडे जावं. उलट बाजू याहून महत्त्वाची. घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. हार्ट अटॅक म्हणजे रक्तवाहिनी तुंबणं. घड्याळाचा ईसीजी एकाच दिशेने हृदयाकडे बघतो, इस्पितळातला बारा दिशांनी बघतो. छातीत कळ येतेय, घाम फुटलाय आणि घड्याळ "सर्व ठीक" म्हणतंय म्हणून रात्र काढायची नाही. सिंधुदुर्गातून कित्येक रुग्णांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्यावं लागतं, आणि सीमा ओलांडून तिथे पोचेपर्यंत एवीतेवी बराच वेळ गेलेला असतो. घड्याळाकडे बघण्यात आणखी घालवू नये.

वादळ आणि भूकंप

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. त्याआधी दोन-तीन दिवस प्रत्येक फोनवर त्याची वाट रंगवलेली दिसत होती. ते येऊन गेल्यावर विजेचे खांब आडवे झाले, टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपलं, आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांतले फोन मुके झाले. मुंबईतल्या मुलांना आईबाप सुखरूप आहेत हे कळायला कुणीतरी मोटारसायकलवरून यावं लागलं. फोन हे वादळाआधीचं यंत्र आहे. वादळानंतरची सोय वेगळी लागते.

आधीच्या कामासाठी आता एक चांगली गोष्ट झाली आहे. २०२३ साली एका दिवशी सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडले आणि पडद्यावर सरकारी चाचणीचा निरोप आला, ते आठवत असेल. तो एसएमएस नव्हता. एसएमएस एकेका नंबरला जातो, लाखोंना पाठवायचा तर तुंबतो. हा निरोप टॉवरवरून आकाशवाणीसारखा सुटतो. टॉवरच्या हद्दीत जो जो फोन चालू आहे तो ऐकतो, त्याचा नंबर कुणाला माहीत असायची गरज नाही. गोव्याहून आलेला पर्यटक तारकर्लीच्या किनाऱ्यावर असेल तर त्यालाही मिळतो. त्रास होतो म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये हा इशारा बंद करणारे लोक भेटतात. तो चालू असू द्या.

भूकंपाचा इशारा याहून चमत्कारिक आहे. अँड्रॉइड फोनांसाठी ही सोय भारतात सप्टेंबर २०२३मध्ये आली. टेबलावर चार्जिंगला पडलेला फोन म्हणजे एक लहानसा भूकंपमापक, पावलं मोजणारा तोच सिलिकॉनचा तुकडा त्यात असतो. एका भागातले पुष्कळ फोन एकाच वेळी हादरले की मध्यवर्ती यंत्रणा ओळखते की हा भूकंप, आणि तीव्रता ४.५ किंवा जास्त वाटली तर लांबच्या फोनांना इशारा पाठवते. निरोप विजेच्या वेगाने जातो. जमिनीतली नुकसान करणारी लाट सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते. या दोन वेगांमधला फरक म्हणजे आपल्याला मिळणारा वेळ.

कोयनेचा १९६७चा भूकंप आठवणारे लोक आजही आहेत, म्हणून तोच हिशोब करून बघू. कोयनानगर ते चिपळूण सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. लाट आठ-नऊ सेकंदांत येते, आणि यंत्रणेला भूकंप ओळखायलाच काही सेकंद लागतात. रत्नागिरीला दहा-पंधरा सेकंद मिळू शकतात. मुंबईला जवळपास मिनिट. सगळ्यात जास्त हादरा जिथे बसणार तिथे सगळ्यात कमी वेळ. यावर कुठलीही कंपनी उपाय काढू शकत नाही.

आवाज आणि बुद्धी

पैशांचं थोडक्यात. टपरीवरचा "अमुक रुपये प्राप्त झाले" म्हणणारा डबा काही मोजत नाही, बँकेकडून आलेला निरोप वाचतो, आणि त्याला स्वतःचं सिम असतं. गिऱ्हाइकाच्या फोनला रेंज आहे आणि डब्याला नाही, असं झालं की पैसे येऊनही तो गप्प बसतो. अशा वेळी गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर भरवसा न ठेवता आपल्या खात्यात बघावं, कारण तसला पडदा खोटाही बनवता येतो. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. जो मागतो तो चोर.

बोलून लिहून घेणं ही आमच्याकडच्या वयस्क माणसांना मिळालेली खरी देणगी. चष्मा सापडत नाही, कीबोर्डवर जोडाक्षर जमत नाही, पण बोलता तर येतं. फोन आवाजाचे बारीक तुकडे करतो, कुठल्या पट्टीतला आवाज किती ते मोजतो आणि त्याच्याशी मिळतीजुळती अक्षरं निवडतो. मग त्याच्या मागेपुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे लाखो वाक्यांवरून शिकलेलं असतं त्याप्रमाणे ठरवतो. ही वाक्यं बहुतांश बातम्या, भाषणं, पुस्तकं यांतली. त्यात मालवणी, संगमेश्वरी, कोळी, आगरी बोली किती असणार? मालवणीत "माका", म्हणजे मला, म्हटलं की फोनला "मका" जास्त ओळखीचा वाटतो. घरात मालवणी बोलणारी आजी मग फोनशी बोलताना शाळेत शिकलेली मराठी काढते, मास्तरांसमोर उभी राहिल्यासारखी. केंद्र सरकारच्या २०२२ साली सुरू झालेल्या भाषिणी प्रकल्पात लोकांना स्वतःचा आवाज आणि वाक्यं दान करायची सोय आहे. आमच्या बोलींचे लोक तिथे जितके बोलतील तितकं यंत्र शिकेल. इतर कुणी हे काम आपल्यासाठी करणार नाही.

प्रश्न विचारला की परिच्छेदच्या परिच्छेद उत्तर देणारी यंत्रबुद्धीही त्याच जातीची. पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त, हे ती एकामागून एक ठरवत जाते. ज्या विषयावर जगात खंडीभर लिहिलं गेलंय तिथे उत्तर उत्तम येतं. अर्ज लिहून देणं, इंग्रजी नोटीस मराठीत समजावणं, मुलीला गणित सोडवून दाखवणं, हे ती करते आणि गावातल्या माणसाचं तालुक्याला जाणं वाचवते. ज्यावर थोडंच लिहिलंय तिथेही ती थांबत नाही, तितक्याच आत्मविश्वासाने बोलत राहते.

हापूसचा मोहोर हे याचं चांगलं उदाहरण. फुलकिड्यांनी गेल्या काही वर्षांत बागायतदारांची झोप उडवली आहे आणि बरेच जण फोनला विचारून औषध ठरवायला लागले आहेत. फोन देशभरातल्या, कधी परदेशातल्या आंब्यावर लिहिलेलं एकत्र करून प्रमाण सांगतो. देवगडच्या कातळावरची बाग, डिसेंबरची थंडी लांबलेली, मोहोर दुसऱ्यांदा आलेला, हे त्याला आपण सांगितलं तरी त्यावरचं लिहिलेलं ज्ञान त्याच्यापाशी तुटपुंजं. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२पासून याच मातीवर काम करतंय आणि हापूससाठी फवारणीचं वेळापत्रक देतं. औषध आणि प्रमाण त्याच्यावरून घ्यावं. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे तेही बघावं, परदेशी जाणारी पेटी औषधाच्या अंशापायी परत येऊ शकते. हे दिवस बाटलीला चिकटवलेल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेले असतात. फोनने त्याचा फोटो काढून अक्षर मोठं करून वाचावं, ते काम तो झकास करतो.